नियम सातवा आणि चंद्राक्का

श्रीमती चंद्राबाई मोहिते यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख द्यावा, असं संपादक मंडळानं मला कळवलं त्याला चार महिने होऊन गेले. लेख मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. तिन्ही लेख वाचायला छान होते. त्यांत बाईंची शिस्त होती, बुद्धी होती, माया होती, आणि माझ्यापुरतं जे खरं होतं तेवढंच गाळलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी एका विमानाच्या प्रकरणात आमच्या गणनकेंद्रावर ठपका आला, तो बाईंनी आपल्या नावावर घेतला आणि विभागप्रमुखाची जागा त्यांच्या हातून गेली, हे या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. चूक मुळात कोणाची होती हे मात्र ठाऊक नाही. ती माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर चौथा लेखही फाडीन.

बाईंना सगळं केंद्र ‘चंद्राक्का’ म्हणतं, मीही तसंच म्हणणार. त्यांची माझी पहिली भेट केंद्राच्या कँटीनमध्ये झाली. मी निपाणीहून गणिताची पदवी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन बंगळूरला नुकताच उतरलो होतो. मुलाखत अकराला होती. मी साडेदहाला कँटीनमध्ये चहा पीत बसलो होतो. समोर एक पन्नाशीतल्या बाई, नऊवारी नव्हे, साधी गोल सुती साडी, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, इडलीची ताटली संपवून बसलेल्या. मला वाटलं, कोणाची तरी आई डबा द्यायला आली असेल.

“तुम्ही सदलगे का?” त्यांनी मराठीत विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी कोपऱ्यातल्या धुतलेल्या ताटल्यांच्या चळतीकडे बोट केलं. “ती चळत म्हणजे काय, सांगा बघू.”

मी ताटल्या पितळेच्या आहेत, वीस-पंचवीस असतील, असं काहीतरी सांगू लागलो.

“ते नको. ताटल्या कशाच्या का असेनात. चळतीशी काय काय करता येतं, ते सांगा.”

मी विचार करून म्हणालो, वर ताटली ठेवता येते, वरची उचलता येते, आणि चळत संपली का ते बघता येतं.

“सरी, ठीक. आता यांचं एकमेकांशी नातं सांगा.”

“वर ठेवली आणि लगेच वरची उचलली, तर चळत होती तशी.”

“आणि चळत संपलेली असताना उचलली तर?”

“तसं कोण करील?”

“भुकेला माणूस करील,” त्या म्हणाल्या. “आणि मशीन तर करीलच. त्याला लाज नाही.”

अकरा वाजता मी मुलाखतीच्या खोलीत गेलो तर टेबलाच्या पलीकडे याच बाई मधोमध बसलेल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “चळत संपलेली असली तर?” मी म्हणालो, “ते आधीच लिहून ठेवायला पाहिजे.” नोकरी लागली.

अक्कांचं घराणं बंगळूरात तीनशे वर्षांचं. त्यांच्या घरातलं मराठी आम्हा निपाणीकरांना आधी कानडी वाटतं आणि मग हळूहळू आपलं वाटू लागतं. मुलींच्या शाळेत अकरा वर्षं बीजगणित शिकवून त्या केंद्रात आल्या तेव्हा केंद्र म्हणजे एक लांब खोली आणि सहा बायका होत्या. त्या सहाजणी हँडलची गणकयंत्रं फिरवून कारखान्यांची गणितं सोडवत. एकीनं आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं आपल्या कागदावर बघून ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आल्याशिवाय पुढचं हँडल फिरायचं नाही. पुढे कॉम्प्युटर आला, त्याला भरवायची भोकांची कार्डं आली, हँडलं माळ्यावर गेली. बाकी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. अक्कांनी मात्र ते ‘हं’ सोडलं नाही.

त्यांची पद्धत ऐकायला सोपी आहे. कुठलाही प्रोग्रॅम लिहायच्या आधी, मशीन ते कसं करणार याचा विचारच करायचा नाही. ज्या वस्तूचं काम आहे तिच्याशी काय काय करता येतं त्याची नावं लिहायची, आणि मग त्यांची बीजगणितासारखी समीकरणं मांडायची : हे करून मग ते केलं तर काय खरं राहिलं पाहिजे. प्रत्येक कृतीची दुसऱ्या प्रत्येक कृतीशी जोडी लावून बघायची, एकही घर कोरं सोडायचं नाही. याला त्या ‘नियम’ म्हणत. नियम लाल पुठ्ठ्याच्या वहीत जात. वहीत शेवटचा एक रकाना होता : ‘कोणाला वाचून दाखवला’. कारण अक्कांची अट अशी की प्रत्येक नियम, मशीनचं ओ की ठो कळत नसलेल्या पण त्या कामात हात काळे केलेल्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि त्यानं ‘हं’ म्हटलं तरच त्याचं नाव त्या रकान्यात लिहायचं. त्याशिवाय कार्डाला भोक पाडायचं नाही.

आम्ही तरुण पोरं याला हसायचो. एकदा मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, “अक्का, समीकरण बरोबर आहे की नाही हे गोदामातला माणूस काय सांगणार?” त्या म्हणाल्या, “समीकरण बरोबर आहे हे तू सांगशील. ते कशाचं आहे, हे तो सांगेल.” मला त्या वेळी हे उत्तर फारसं पटलं नव्हतं.

माणूस म्हणून त्या कशा आहेत, तेही सांगितलं पाहिजे. माझं लग्न होऊन सुमन निपाणीहून आली तेव्हा तिला कानडीचा एक शब्द येत नव्हता, आणि शेजारी एकही मराठी घर नव्हतं. महिनाभरात ती इतकी उतरली की मी तिला परत पाठवायच्या विचारात होतो. अक्कांना कोणी सांगितलं कोण जाणे. एका रविवारी सकाळी त्या पिशवी घेऊन दारात हजर. सुमनला मल्लेश्वरच्या बाजारात घेऊन गेल्या, एकेका भाजीपुढे उभं करून तिचं नाव म्हणून घेतलं, आणि भाव तिलाच करायला लावला. असे सात रविवार. आठव्या रविवारी त्या आल्या नाहीत. सुमन वाट बघून बघून चिडली आणि एकटी गेली. आज ती बाजारात अशी भांडते की मी चार पावलं मागं चालतो.

आता विमानाकडे येतो.

हेब्बाळच्या तळ्यापलीकडे तेव्हा एक खाजगी कारखाना होता. पिकांवर औषध फवारणारी छोटी विमानं तिथं दुरुस्त होत आणि तिथूनच उडत. चार विमानं, आणि त्यांचे शेकडो सुटे भाग. प्रत्येक भागाचं आयुष्य तासांत ठरलेलं. अमुक पंप सहाशे तास उडाला की तो काढून टाकायचा, चांगला दिसत असला तरी. हा हिशेब गोदामाचे निंगाप्पा ठेवत. निंगाप्पा आमच्या बाजूचे, चिकोडीचे. प्रत्येक भागाला ते सुतळीनं एक पिवळी चिठ्ठी बांधायचे आणि तीवर पेन्सिलीनं तास लिहायचे. कारखान्याच्या व्यवस्थापकांना हे जुनाट वाटलं. त्यांनी आमच्या केंद्राकडे काम दिलं : दर शनिवारी मशीननं छापून द्यायचं की कुठल्या विमानाचा कुठला भाग बदलायला झाला. प्रोग्रॅम मला मिळाला. माझा हा पहिला स्वतंत्र प्रोग्रॅम.

मी नियम मांडले. कृती तीनच : भाग बसवणे, भाग काढणे, उड्डाण. पहिले सहा नियम मी हेब्बाळला जाऊन निंगाप्पांना वाचून दाखवले. ते विडी विझवून, डोळे मिटून ऐकत आणि दोन-दोन मिनिटांनी ‘हं’ म्हणत. तिसऱ्या नियमाला त्यांनी ‘हं’ म्हटलं नाही, आणि त्यांचं बरोबर निघालं. सहा नियमांत माझे दोन दिवस गेले. व्यवस्थापकांचा फोनवर फोन. यादी कधी मिळणार? सातवा नियम राहिला होता. तो असा : ‘भाग बसवला आणि नंतर काढला, तर त्या भागाची नोंद होती तशी.’

वाचकहो, हा कँटीनमधल्या ताटल्यांचाच नियम. ठेवली, उचलली, चळत होती तशी. किती सुबक! बसवणे आणि काढणे एकमेकांना कापतात, अधिक-उणे कापावेत तसे. शिवाय त्यामुळे मशीनची जागाही वाचत होती. आमच्या मशीनमध्ये जागेची मारामार असे. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणून मी हेब्बाळला गेलो नाही. सातव्या नियमापुढच्या रकान्यात मी ‘निंगाप्पा’ असं लिहिलं, तारीख घातली आणि वही अक्कांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी रकाना बघून खाली सही केली. प्रोग्रॅम चालू झाला. यादी वेळेवर छापली जाऊ लागली. व्यवस्थापकांनी निंगाप्पांना चिठ्ठ्या बांधायचं बंद करायला सांगितलं. मला कारखान्याकडून कौतुकाचं पत्र आलं, ते मी निपाणीला वडिलांना पाठवलं.

आठ-नऊ महिने सगळं सुरळीत गेलं. मग तो शनिवार आला. दर शनिवारी सकाळी निंगाप्पा सायकलवरून केंद्रात येत, फाटकाशी यादी घेत आणि परत जात. त्या दिवशी ते गेल्यावर पाच मिनिटांनी अक्का माझ्या टेबलाशी आल्या. लाल वही हातात होती. त्यांनी ती उघडून सातव्या नियमावर बोट ठेवलं.

“हा नियम ताटल्यांचा आहे,” त्या म्हणाल्या. “पंप ताटली नव्हे. बसवला आणि काढला, यांच्या मधे विमान उडलं की.”

मला आधी काही समजलंच नाही. मग समजलं. भाग बसवून विमान चारशे तास उडालं आणि मग भाग काढला, तर माझा प्रोग्रॅम त्या भागाची नोंद ‘होती तशी’ करत होता, म्हणजे ते चारशे तास पुसून टाकत होता. तोच भाग दुसऱ्या विमानावर बसवला की मशीनच्या लेखी तो जवळजवळ नवा.

“नऊ महिन्यांत काढून परत बसवलेले भाग किती?” अक्कांनी विचारलं. आवाज अगदी नेहमीचा होता. कार्डं त्यांनीच काढली. आम्ही दोघांनी बसून हातानं बेरजा केल्या, जुन्या पद्धतीनं. मी वाचत होतो, त्या ‘हं’ म्हणत होत्या. असे भाग अकरा निघाले. दहा अजून मर्यादेच्या आत होते. अकरावा एक इंधनपंप होता. तीन नंबरच्या विमानावरून काढून तो एक नंबरच्या विमानावर बसवला होता. मशीन म्हणत होतं दोनशे दहा तास. आमची बेरीज आली सहाशे एकतीस.

एक नंबरचं विमान त्या दिवशी बाराला उडणार होतं. सरकारी पाहुणे येणार होते, त्यांना फवारणी दाखवायची होती. हे आम्हाला ठाऊक होतं, कारण आमंत्रणाचं कार्ड केंद्राच्या फळ्यावर लावलेलं होतं. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

अक्कांनी फोन लावला. कारखान्याचा फोन गुंतलेला. पुन्हा लावला, पुन्हा गुंतलेला. चौथ्यांदा त्यांनी रिसीव्हर शिपायाच्या हातात दिला. “लागेपर्यंत फिरवत राहा,” त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून बाहेर आल्या. फाटकाबाहेर एक ऑटो उभी होती. चालकाला त्यांनी कानडीत काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं तोंडातला विडा थुंकला आणि किक मारली.

तो रस्ता मी आजही विसरलेलो नाही. हेब्बाळच्या अलीकडे शेतकऱ्यांनी रस्त्यावर नाचणीचं पीक मळायला पसरून ठेवलं होतं, गाड्यांच्या चाकांनी आयती मळणी होते म्हणून. आमच्या पुढच्या चाकात काड गुंडाळला गेला आणि ऑटो थांबली. चालक उतरून काड ओढू लागला. मी घड्याळ बघत होतो. माझी अगदी पाचावर धारण बसली होती. मला त्या वैमानिकाचा चेहरा दिसत होता. कॅप्टन पूणच्चा, कोडगूचे, जाड मिशांचे, केंद्रात आले की मला “काय प्रोफेसर” म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर, त्या भीतीच्या पोटात आणखी एक भीती होती, तिची मला आजही लाज वाटते. वहीतल्या रकान्यात ‘निंगाप्पा’ असं माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं. आता चौकशी होणार, निंगाप्पांना विचारणार, आणि ते म्हणणार, मला हा नियम कोणी वाचून दाखवलाच नाही. किंवा त्याहून वाईट : त्यांचं कोणी ऐकणारच नाही, आणि गोदामातल्या माणसानं चुकीला ‘हं’ म्हटलं, असं ठरून त्यांची नोकरी जाणार.

“अक्का,” मी म्हणालो, “तो रकाना...”

“स्वल्प थांब,” त्या म्हणाल्या. “आधी विमान.”

आम्ही पोचलो तेव्हा विमान गवताच्या पट्टीच्या टोकाशी उभं होतं. मांडव, खुर्च्या, पाहुणे, हारतुरे. पूणच्चा पंखावर पाय देऊन वर चढत होते. व्यवस्थापक धावत आमच्यापुढे आले. अक्कांनी थोडक्यात सांगितलं. त्यांनी खिशातून सकाळची छापील यादी काढली आणि तिच्यावर बोट आपटलं. “तुमच्याच मशीननं छापलंय बाई. दोनशे दहा. आता तुम्हीच म्हणता मशीन चुकलं? मग मी विश्वास कशावर ठेवू? पाहुणे बसलेत तिकडे.”

अक्कांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्या मला म्हणाल्या, “दिनकर, कॅप्टनना नियम वाचून दाखव.”

“कुठला?”

“सातवा. वहीत आहे तसा. मोठ्यानं.”

मी विमानाखाली उभा राहिलो आणि शाळेतल्या पोरासारखं वाचलं. वहीत मराठी होतं, पूणच्चांसाठी मी ते इंग्रजीत सांगितलं. भाग बसवला आणि नंतर काढला, तर त्या भागाची नोंद होती तशी.

पूणच्चा हसले. “होती तशी? मग मधले महिने मी तीन नंबर घेऊन काय, झोपलो होतो?”

मी वही मिटली नाही. पूणच्चांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा अक्कांकडे. मग त्यांनी हातमोजे काढले आणि खाली उतरले. व्यवस्थापक काहीतरी म्हणू लागले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पाहुण्यांना कॉफी द्या.”

पंप दुसऱ्या दिवशी उघडला. आतल्या पडद्याला कडेनं केसाएवढी चीर गेलेली होती. तो आणखी किती तास टिकला असता, हे तिथल्या कोणत्याच मेकॅनिकला सांगता आलं नाही.

पुढे व्हायची ती चौकशी झालीच. विमान वाचवलं हे राहिलं बाजूला, चूक आत शिरलीच कशी, हा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. केंद्राच्या संचालकांच्या खोलीत आम्ही सगळे बसलो होतो : संचालक, कारखान्याचे व्यवस्थापक, अक्का आणि मी. लाल वही टेबलावर होती. व्यवस्थापकांनी रकान्यावर बोट ठेवलं. “इथं आमच्या गोदामाच्या माणसाचं नाव आहे. म्हणजे त्यानं मान्यता दिली होती. मग त्याच्याकडेच बघावं लागेल.”

बोलायची वेळ होती ती हीच. मी तोंड उघडलंही. पण समोर मला वडील दिसले, कौतुकाचं पत्र निपाणीत घरोघर दाखवणारे. आणि मी मूग गिळून बसलो.

“रकान्यातलं नाव हे माझ्या सोयीसाठी असतं,” अक्का म्हणाल्या. “मान्यता त्याच्या खालची सही देते. ती सही माझी आहे.” त्यांनी संचालकांकडून कागद मागून घेतला आणि दोन ओळी लिहिल्या : ‘नियम सातवा अपुरा होता. तो मी मंजूर केला. जबाबदारी माझी.’ कागदावर पुन्हा सही केली. निंगाप्पांना कोणी बोलावलंही नाही.

दोन महिन्यांनी विभागप्रमुख म्हणून बाहेरचे एक गृहस्थ आले. ती जागा अक्कांची, हे केंद्रातल्या झाडूवालीलाही ठाऊक होतं. अक्कांनी नव्या साहेबांना सगळी खोली फिरवून दाखवली, माळ्यावरची हँडलंसुद्धा. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, “अक्का, सातवा नियम चुकलाय हे तुम्हाला कळलं कसं?” त्या म्हणाल्या, “पुन्हा एकदा बघितला, एवढंच.” मी समजलो, एकटीनं जोड्या लावता लावता सापडला असेल. रकान्यातलं माझं खोटं त्यांच्या लक्षात आलेलं नाही असं मी धरून चाललो, आणि त्यातच मला बरं वाटत होतं. त्यानंतर पुढच्या प्रत्येक प्रोग्रॅमचे नियम वाचून दाखवायला त्यांनी मलाच पाठवलं. गिरणीत, टपाल कचेरीत, रेशीम बाजारात. मी प्रत्येक नियम खरोखर वाचून दाखवला. पाच वर्षांत एकही रकाना खोटा भरला नाही.

आता हा लेख. लिहून झाल्यावर मला वाटलं, जिच्या गौरवाचा लेख आहे तिच्या पद्धतीनंच तो पुढे जावा. गेल्या रविवारी मी हेब्बाळला गेलो. निंगाप्पा निवृत्त होऊन तळ्याजवळच राहतात. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, रकान्याचं धरून. त्यांचीच माफी मागायची होती म्हणा. त्यांनी जुन्या सवयीनं विडी विझवली, डोळे मिटले आणि ऐकलं. विमानाच्या भागाला त्यांनी ‘हं’ म्हटलं. चौकशीच्या भागालाही म्हटलं. शेवटी ‘रकान्यातलं माझं खोटं त्यांच्या लक्षात आलेलं नाही’ या वाक्याला त्यांनी ‘हं’ म्हटलं नाही.

“हे बराबर न्हाई साहेब,” ते म्हणाले.

“काय बरोबर नाही?”

“त्या शनवारी फाटकापाशी अक्कांनी मला थांबवलं. म्हनाल्या, निंगाप्पा, सातव्या नियमाला तुम्ही हं म्हटलंत, आता नवीन प्रोग्रॅमात तोच घालायचाय. मी म्हनलो, कुठला सातवा? मला पयले सा वाचून दावले. मग त्यांनी तिथंच वही उघडून वाचला. मी म्हनलो, आन मधी जे उडलं ते कुठं गेलं? त्यांनी माझ्याकडं बगितलं, वहीकडं बगितलं, आन आत गेल्या.”

मी कागद मांडीवर ठेवले. मग विचारलं, “म्हणजे मी खोटं लिहिलंय हे त्यांना तेव्हाच कळलं होतं?”

“तवाच. चौकशी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आल्या व्हत्या इथं. मी म्हनलो, अक्का, त्या पोराचं नाव सांगून टाका की. तर म्हनाल्या, त्यो सांगंल. मी म्हनलो, कवा? म्हनाल्या, ते त्याचं त्याला ठरवू दे. तवर त्याला कामं देत ऱ्हायची.”

परत येताना मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो. साडेतीन मैल मला कोणी ओळखीचं भेटू नये एवढीच इच्छा होती. पाच वर्षं त्या मला नियम वाचून दाखवायला पाठवत होत्या, त्याचा अर्थ मला त्या बसमध्ये कळला. मला वाटत होतं त्यांचा माझ्यावर विश्वास आहे, कारण त्यांना माहीत नाही. माहीत असूनच त्या मला पाठवत होत्या.

सोमवारी केंद्रात जाऊन मी लाल वही मागून घेतली. सातव्या नियमापुढचं ‘निंगाप्पा’ एका रेघेनं खोडलं, वाचता येईल असं, अक्कांची पद्धत आहे तसं. शेजारी लिहिलं : ‘कोणालाही नाही. दि. सदलगे.’ खाली त्या दिवसाची तारीख घातली. नव्या साहेबांना मी हा लेख दिला आहे. त्यांना जे करायचं असेल ते त्यांनी करावं, मला त्याची तक्रार नाही. लेखातलं ते एक वाक्य मी मुद्दाम खोडलेलं नाही. मी पाच वर्षं काय धरून चाललो होतो हे वाचकांना दिसावं, आणि निंगाप्पांनी ते कसं दुरुस्त केलं तेही दिसावं.

समारंभाच्या दिवशी हा ग्रंथ अक्कांच्या हातात पडेल. मी त्यांना ओळखतो. त्या हार बाजूला ठेवतील, चष्म्याच्या काचा पदरानं पुसतील आणि आधी चुका शोधतील. माझ्या लेखापाशी आल्या की थांबतील. काय म्हणतील ते मला सांगता येत नाही, आणि कळायची मला घाई आहे, भीतीही आहे. त्यांचे डोळे असेच तीक्ष्ण राहोत, गुडघे त्यांना बाजारापर्यंत सुखानं नेत राहोत, आणि आम्हा सगळ्यांच्या वह्या तपासायला त्यांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य मिळो. अक्का, मी सांगितलं. थोडा उशीर झाला.

दिनकर सदलगे